दोन मॉनिटर, एक मंडळ

वाढदिवसाच्या बॅनरवर ज्याचा वाढदिवस आहे त्याने स्वतःच स्वतःला शुभेच्छा देऊ नयेत, असा कायदा कुठेही नाही. मी आमच्या मजल्यावरच्या वकिलांना विचारून खात्री करून घेतली आहे. तरीही आमच्या नवप्रकाश क्रीडा मंडळाचे अध्यक्ष हितेंद्र पेडणेकर यांच्या वाढदिवसाला मी केलेला बॅनर परळच्या नाक्यावर लागला आणि माझी व्हायची तेवढी शोभा झाली. बॅनरवर मधोमध गॉगल लावलेले हितेंद्र होते. खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, एका कोपऱ्यात, बिनगॉगलचे हितेंद्र हात जोडून उभे होते.

आता यात चूक कोणाची? माझ्या मते लॅपटॉपची. माझा लॅपटॉप परीक्षेच्या पॅडएवढा. त्यावर अख्खं मंडळ बसवायचं म्हणजे एकेक माणूस वाटाण्याएवढा होतो, आणि वाटाण्याने गॉगल काढला की तो ओळखू येत नाही हे कोणीही मान्य करेल. कोणी केलं नाही. "धम्मपालभाऊंचे डोळे गेले," असं सगळ्या चाळीने एकमताने ठरवलं. पाण्याच्या टाकीवरून गेली कित्येक वर्षं या चाळीचं एकमत झालेलं नाही, हे मुद्दाम नमूद करतो.

दुसऱ्या दिवशी हितेंद्र स्वतः घरी आले. चहा घेतला, बिस्किट घेतलं, आणि मग घसा साफ केला.

"भाऊ, तुम्ही आपले म्हणून बोलतो. यंदा मंडळाचा सुवर्ण महोत्सव. अंडरआर्म क्रिकेटची टूर्नामेंट आहे, नाक्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बॅनर लागणार. तुमच्या डोळ्यांचं काय ते बघून घ्या. नाहीतर दादरला एक जण आहे, मोबाईलवर करून देतो."

मोबाईलवर! मी गिरगावातल्या प्रेसमध्ये ब्लेडने अक्षरं कापून चिकटवत हे काम शिकलो. लग्नपत्रिका, जयंतीची पोस्टर्स, बारशाची कार्डं, या भागातल्या दोन पिढ्या माझ्या हातून छापून निघाल्या. नाक्यावरचा बॅनर धम्मपाल तांब्यांचा, हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. तो बॅनर दुसऱ्याने बोटाने मोबाईल घासून करायचा आणि मी रोज त्याच्याखालून भाजी घेऊन जायचं, ही कल्पनाच मला सहन होईना. मला खरंच रडू आलं असतं, पण हितेंद्र अजून दुसऱ्या बिस्किटावर होते.

"डोळे ठणठणीत आहेत," मी म्हणालो. "स्क्रीन लहान आहे. मोठा आणतोय."

म्हणजे मॉनिटर घ्यायचा निर्णय मी घेतला तो असा, समोरचा बिस्किट बुडवत असताना. माझी बायको वैशाली आत पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं. वीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवल्यामुळे, मुलाला आधी चूक पूर्ण करू द्यायची, अशी तिला सवय आहे.

आधी तिने मला चष्म्याच्या दुकानात नेलं. तिथे मला नव्या प्रकारचा चष्मा मिळाला. त्यात वरून लांबचं दिसतं, खालून जवळचं दिसतं, आणि कॉम्प्युटरचं अंतर या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी दडलेलं असतं. ते सापडायला हनुवटी वर करून बसावं लागतं. चार दिवसांत माझी मान तशीच अडकली. "धम्मपालभाऊ हल्ली फार ताठ्यात चालतात," असं लोक जिन्यात कुजबुजू लागले. वैशाली म्हणाली, "स्वभाव जुनाच आहे. मानेला आत्ता कळला."

सल्ले तर न मागता येत होतेच. खालच्या मजल्यावरचे दत्तारामकाका रे रोडच्या गोदीतून रिटायर झालेले. ते वर येऊन माझ्या डोळ्यांत बॅटरी मारून गेले.

"धम्मपाला, मॉनिटर नि फॉनिटर कित्याक व्हया? गाजरां खा. मी बघ, ऐंशीक इलंय, अजून चष्म्याशिवाय पेपर वाचतंय."

ते वाचतात हे खरं आहे. फक्त हात पुरत नाही म्हणून पेपर समोरच्या खुर्चीवर ठेवून वाचतात, आणि पान उलटायला काकूंना हाक मारतात.

दुसरा सल्लागार राजरत्न. हा माझ्या शेजारच्या खोलीत राहतो आणि बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे. कॉम्प्युटर दुरुस्त करायला माणूस आला की त्याच्या शेजारी उभं राहायचं, असं त्याच्या कामाचं स्वरूप आहे. तो माझ्याबरोबर दुकानात आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला.

दुकानदाराने एक भलामोठा मॉनिटर चालू केला. त्यावर पोपट होता. पोपटाचं पीस न् पीस दिसत होतं. मी चष्मा काढला, तरी पोपट दिसला. "भाऊ, डिझाईनचं काम ना? मग फोर-केच घ्या. एकदम बारीक पिक्चर," दुकानदार म्हणाला. राजरत्ननेही मान डोलावली. बारीक हा शब्द तेव्हाच माझ्या कानाला लागायला हवा होता. पण मी पोपटात गुंतलो होतो.

घरी आणून जोडला. पोपट अर्थातच नव्हता. आणि अक्षरं? लॅपटॉपवर ती मुंगीएवढी होती, इथे मुंगीच्या अंड्याएवढी झाली. एवढ्या मोठ्या मैदानात ती कुठे आहेत हे शोधण्यात माझी सकाळ गेली. डोळ्यांसाठी मोठा मॉनिटर घेतला आणि आधी जेवढं दिसत होतं तेवढंही दिसेना, अशी माझी अवस्था झाली.

राजरत्न धावत आला. "भाऊ, स्क्रीन जेवढी बारीक तेवढी अक्षरं बारीक. स्केलिंग वाढवायचं."

त्याने ते काय ते वाढवलं. आता अक्षरं दुकानाच्या पाटीएवढी झाली. सगळी बटणं, सगळे रंगांचे डबे, सगळ्या खिडक्या फुगल्या आणि मधे बॅनरला पोस्टकार्डाएवढी जागा उरली.

"मग दुसरा घ्या की," राजरत्न म्हणाला. "आमच्या ऑफिसात सगळे दोन-दोनवर असतात."

"दोनवर काय करतात?"

"एकावर काम." त्याने दुसरं बोट वर केलं. "आणि दुसऱ्यावर पण काम."

मी दुसरा आणला. पहिल्यासारखा शिल्लक नव्हता, म्हणून दुकानदाराने दुसऱ्या कंपनीचा दिला. "याचा भाऊच समजा," म्हणाला. असतील भाऊ, पण स्वभाव वेगळे निघाले. डावीकडच्या मॉनिटरवर जो जाईल त्याला कावीळ व्हायची. उजवीकडे जो जाईल तो बर्फाच्या लादीवरून उठून आल्यासारखा निळसर दिसायचा. माणूस एका स्क्रीनवरून दुसऱ्यावर ओढत नेला की मधल्या काळ्या पट्टीपाशी त्याचा रंग बदलायचा. राजरत्नने सगळी बटणं दाबून पाहिली आणि शेवटी जाहीर केलं, "डोळ्यांना सवय होते."

दोन मॉनिटर ठेवायला आमच्या खोलीत एकच भिंत होती, दारासमोरची. तिथला टीव्ही कपाटावर गेला. वैशाली आता आपली मालिका हनुवटी वर करून बघू लागली. संध्याकाळी आमच्या घरात कोणी डोकावलं तर दोन ताठ मानेची माणसं दोन दिशांना बघत बसलेली दिसत.

आणि डोकावण्याचाच तर सगळा घोटाळा झाला. लॅपटॉप होता तेव्हा माझं काम मला आणि देवाघरच्या माझ्या वडिलांनाच दिसायचं. आता दोन झगझगीत पडदे थेट गॅलरीच्या खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. गॅलरीतून नळावर जाणारा माणूस थांबायचा, कपडे वाळत घालणारी बाई थांबायची. दोन दिवसांत खिडकीबाहेर कायमची स्टुलं आली. कोणीतरी शेंगदाणे आणायचं. बॅनर होत असताना बघायला मिळतो, ही सोय परळमध्ये याआधी कोणी दिली नव्हती.

चाळीच्या सेक्रेटरी दर्शनाताई सुर्वे यांनी मात्र शेंगदाणे घेतले नाहीत. त्या वहीसकट आल्या.

"दोन स्क्रीन म्हणजे घरात ऑफिस झालं, भाऊ. ऑफिस म्हणजे परवानगी लागणार."

"अहो, एक मोठा होता तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत."

"एक होता तेव्हा टीव्ही होता. दोन म्हणजे ऑफिस."

शिवाय माझ्या खोलीची वायर खाली मंडळाच्या कचेरीवरून येते. माझे दोन्ही मॉनिटर चालू असताना वैशालीने मिक्सर लावला की कचेरीतला दिवा जायचा आणि ऐन क्वीनच्या वेळी कॅरम थांबायचा. म्हणून मंडळाची हरकत नाही अशी अध्यक्षांची सही हवी, असं दर्शनाताईंनी फर्मावलं. मी विनंती केली आणि हितेंद्र पेन घेऊन सही करायला आले. पेन कागदावर टेकवणार तोच त्यांची नजर स्क्रीनकडे गेली.

बॅनर दोन्ही मॉनिटरवर मिळून पसरलेला होता. अध्यक्ष म्हणून हितेंद्र अर्थातच मधोमध. म्हणजे नेमकी दोन मॉनिटरमधली काळी पट्टी त्यांच्या नाकावरून गेली होती. एक गाल पिवळा, एक गाल निळा.

"हे काय? माझे दोन तुकडे?"

"ती पट्टी मॉनिटरच्या कडांची आहे. छापताना येणार नाही."

"छापताना नाही येणार, पण आत्ता दिसतेय ना? सगळी चाळ बघतेय. अध्यक्षाच्या नाकावर काळी पट्टी बरी दिसते?" खिडकीतून दोन-तीन जण नाही म्हणाले. "थोडा डावीकडे सरकवा मला. मग सही."

मी सरकवलं. एवढ्या साध्या गोष्टीसाठी माणसाने माणसाला नाही कसं म्हणायचं? सही झाली, दर्शनाताई खूश होऊन गेल्या. अर्ध्या तासात मंडळाचे सरचिटणीस अजित लाड दारात हजर.

"हितेंद्र डावीकडे गेला असं ऐकलं. मग उजवीकडे मोठा कोण?"

उजवीकडे मोठं कोणीच नव्हतं. तिथे एक ट्रॉफी होती. अजितने ट्रॉफीकडे असं काही पाहिलं की मी ती काढली आणि तिथे त्याला बसवलं, हितेंद्रांच्याच मापाचा. मग खिडकीतून मागण्या सुरू झाल्या. काळ्या पट्टीजवळ उभं राहायला कोणी तयार होईना. ज्याचा कान पट्टीला लागला तो म्हणे, मला आत घ्या. महिला विभागाच्या दीपिकाला पिवळी बाजूच हवी होती. "त्या निळ्यात माझी साडी धुऊन फिकी झाल्यासारखी दिसते," ती म्हणाली. तिचा नवरा गौतम कबड्डीचा माजी कप्तान. त्याचा शर्ट पांढरा, तो निळ्या बाजूला जास्त उठून दिसत होता, म्हणून तो उजवीकडे राहिला. राजरत्न माझा माणूस म्हणून त्याला कुठेही टाकलं तरी चालणार होतं. तो डावीकडे गेला. शेवटी अक्षरंही पट्टीत अडकायला लागली, तेव्हा मी "सुवर्ण" डावीकडे घेतलं आणि "महोत्सव" उजवीकडे.

आणि खरं सांगतो, काम पूर्ण झाल्यावर मी मागे सरकून, हनुवटी वर करून पाहिलं तेव्हा मला धन्य वाटलं. एकही चेहरा कापलेला नाही. कोणीही दोनदा आलेलं नाही. कोणाच्या भुवया किती, तेही मोजता येत होतं. डावीकडे एक सुंदर रचना, उजवीकडे एक सुंदर रचना, मधे फक्त ती काळी पट्टी, आणि पट्टी तर छापली जाणार नव्हती. मी फाईल पाठवून दिली.

छापखान्यातून फोन आला. "भाऊ, बीच में जगह छोडा है, बराबर है ना?"

ज्याचे डोळे गेले अशी आवई उठली आहे, त्याला कोणी बरोबर आहे ना असं विचारलं की काय होतं ते माझं झालं. "याला मोकळी जागा म्हणतात," मी कडक आवाजात सांगितलं. "डिझाईनमध्ये असते. जसं आहे तसं छाप."

त्याने जसं होतं तसं छापलं.

रविवारी सकाळी, टूर्नामेंटच्या उद्घाटनाआधी, बॅनर नाक्यावर चढला. ढोल होता, पेढे होते, मी इस्त्रीचा झब्बा घातला होता. बॅनर सुटला, ताणला गेला आणि ढोल थांबला.

डावीकडे हितेंद्र, त्यांच्याखाली त्यांची माणसं, वर "सुवर्ण". उजवीकडे अजित, त्याच्याखाली त्याची माणसं, वर "महोत्सव". आणि मधे वरपासून खालपर्यंत, दरवाजाएवढी रुंद, पांढरीफटक रिकामी जागा. मॉनिटरची पट्टी छापली गेली नव्हती. पट्टीला घाबरून मी सगळ्यांना दोन्हीकडे जे सरकवलं होतं, ते मात्र अगदी स्वच्छ छापलं गेलं होतं.

शांततेत दत्तारामकाकांचा आवाज आला. "फुटलां मगे आमचां मंडळ?"

बस. तेवढंच हवं होतं. राजकारणात इतके पक्ष इतक्यांदा फुटलेले पाहिल्यामुळे आमच्याकडच्या लोकांची या बाबतीतली समज फार तयार झालेली आहे. चहाच्या टपरीवर कोण कुठल्या बाजूला आणि का, याचा उलगडा सुरू झाला. दीपिका डावीकडे आणि तिचा नवरा उजवीकडे, म्हणजे त्यांचं आतून बिनसलेलं आहे. राजरत्न डावीकडे, कारण त्याला पुढे खजिनदार व्हायचंय. मोठे फोटो एकाच मापाचे, म्हणजे तडजोडीचा प्रयत्न झालेला दिसतो, पण फिसकटला. ट्रॉफी काढली, कारण ट्रॉफी कोणाकडे राहणार हे अजून ठरलेलं नाही. मी तिथे उभा होतो. मलाही काही मुद्दे पटू लागले होते.

हितेंद्र आणि अजित आधी एकमेकांकडे बघून हसले. मग बॅनरकडे पाहिलं. मग पुन्हा एकमेकांकडे पाहिलं, तेव्हा हसले नाहीत. "उजवीकडे मोठा कोण, हे विचारायला तू गेला होतास ना?" हितेंद्र म्हणाले. "आधी बाजूला कोण सरकला?" अजितने विचारलं. गेल्या आठ वर्षांचं सगळं, कॅरमच्या पावडरपासून सहलीच्या बसपर्यंत, तिथल्या तिथे बाहेर आलं. लालबागच्या एका मंडळाचे लोक उद्घाटनाला पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी दोघांच्या खांद्यावर हात ठेवून सांत्वन केलं आणि पेढे घेऊन गेले.

त्या दिवशी टूर्नामेंट झालीच नाही. संध्याकाळी दोन मीटिंगा झाल्या, एक कचेरीत आणि एक गच्चीवर. मंडळाच्या कपाटाला दोन कुलपं लागली. त्यामुळे कपाट कोणालाच उघडता येईना आणि आत बॅटी, बॉल आणि पन्नास वर्षांच्या ढाली अडकल्या. दीपिकाने गौतमला सोमवारी डबा दिला नाही.

मला मनापासून वाईट वाटलं. माझ्या वडिलांनी या मंडळाच्या पहिल्या कॅरम स्पर्धेची पाटी रंगवली होती. मी वैशालीला म्हणालो, "मी जाऊन सगळं खरं सांगतो."

"काय सांगाल?"

"की मला मधली जागा दिसलीच नाही."

तिने माझ्याकडे जरा आदराने पाहिलं, लग्नानंतर बहुधा तिसऱ्यांदा. हे वाक्य बोलणं म्हणजे नाक्यावरचा बॅनर कायमचा मोबाईलवाल्याला देणं, हे तिलाही कळत होतं.

मी हितेंद्र आणि अजित दोघांनाही घरी बोलावलं. दोघं आले, एक पलंगावर बसला, एक खुर्चीवर. मी मॉनिटर चालू केले. "हे बघा. मधे ही काळी पट्टी. तिच्यामुळे मी तुम्हाला सरकवलं, आणि नंतर मधे जागा उरलीय हे माझ्या लक्षातच आलं नाही. माझ्या डोळ्यांची चूक आहे. मंडळ फुटलेलं नाही."

दोघांनी स्क्रीनकडे नीट पाहिलं. जागा जिथे होती तिथे बरोबर मधोमध काळी पट्टी बसली होती, आणि तिच्या दोन्हीकडचा दोन-दोन बोटं पांढरा भाग पट्टीची किनारच वाटत होता. बॅनर एकसंध, देखणा दिसत होता.

"इथे तर काही जागा दिसत नाही," अजित म्हणाला.

"तेच तर सांगतोय! इथे दिसत नाही!"

"म्हणजे छापायला देताना तुम्ही मुद्दाम फाकवलंत," हितेंद्र म्हणाले. आवाजात राग नव्हता. "छापखान्यातल्या पोऱ्याने सांगितलं मला. त्याने विचारलं, तर तुम्ही म्हणालात, ती जागा डिझाईनची आहे, तशीच ठेव."

"ते मी आपलं..."

"भाऊ, कशाला सांभाळून घेताय? आम्हा दोघांचं जमत नव्हतंच." त्यांनी अजितकडे पाहिलं. अजितने मान हलवली. आठ वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघांचं कशावर तरी एकमत झालं होतं. आता दोन टूर्नामेंट होणार होत्या, एका रविवारी यांची, पुढच्या रविवारी त्यांची. गल्लीतली पोरं खुशीत होती. दोन बॅनर लागणार होते आणि दोघांनाही ते माझ्याकडूनच हवे होते. फक्त यांचा होताना त्यांना दिसू नये एवढीच अट होती. वैशालीने त्यावर मधे चादर टांगायचं सुचवलं.

दारापर्यंत जाऊन हितेंद्र वळले. माझा हात हातात घेतला.

"एक बोलू, भाऊ? आम्ही रोज एकत्र बसायचो, आमच्याच हे लक्षात येत नव्हतं. तुम्ही नुसते फोटो बघून ओळखलंत. लोक काय वाटेल ते बोलतात. नजर मानली तुमची."

"मानली," अजितही म्हणाला.

मी चष्मा काढला. झब्ब्याच्या टोकाने सावकाश पुसला. दोघांच्या चेहऱ्यांवर खराखुरा आदर होता, निदान दोन धूसर गोळ्यांवर जेवढा दिसू शकतो तेवढा.

"अनुभव असतो एकेकाचा," मी म्हणालो.

आत वैशालीला जोरात ठसका लागला.